जपानमध्ये मोबाइलला दुभाषा करताना

जपानच्या सहलीचा विषय निघाला की घरातली ज्येष्ठ मंडळी हमखास विचारतात, 'आम्हाला इंग्रजी धड येत नाही, तिथे आमचा निभाव कसा लागायचा?' यावरचं उत्तर त्यांना बरं वाटेल असं आहे. तोक्यो-क्योतोची मोठी हॉटेलं, विमानतळ आणि रेल्वे स्थानकं सोडली, तर गल्लीतल्या नूडल्सच्या दुकानात फाडफाड इंग्रजी बोलणारा मुलगा आणि फक्त मराठी बोलणारी त्याची आई एकाच रांगेत असतात. दोघांनाही खिशातून मोबाइल काढावाच लागतो.

आणि मोबाइल बरंच काम करतो, यात शंका नाही. मात्र तो चुकतो तेव्हा चेहऱ्यावरची रेषही न हलवता चुकतो. तो नेमका कुठे चुकेल हे ओळखायचं असेल, तर आत काय चालतं ते थोडं समजून घ्यायला हवं.

गुगल ट्रान्सलेट २००६ साली सुरू झालं तेव्हा ते आकडेमोडीवर चालायचं. संयुक्त राष्ट्रसंघ आणि युरोपीय संसदेची कागदपत्रं अनेक भाषांत उपलब्ध होती. ती शेजारी शेजारी ठेवून, या शब्दसमूहासमोर तिकडे बहुधा कुठला शब्दसमूह येतो, याचा हिशोब यंत्र मांडायचं आणि तुकडे जोडून वाक्य बनवायचं. ते वाक्य लंगडं असायचं, त्यामुळे वाचणारा आपोआप सावध व्हायचा. २०१६च्या अखेरीस गुगलने न्यूरल पद्धत आणली. यात यंत्र तुकडे जुळवत बसत नाही. अख्खं वाक्य आकड्यांच्या रूपात साठवतं आणि त्यावरून दुसऱ्या भाषेत एकेक शब्द उभा करत जातं. प्रत्येक वेळी 'आता पुढे काय आलं तर वाक्य स्वाभाविक वाटेल?' हा त्याचा अंदाज असतो. भाषांतरं एकदम गुळगुळीत झाली. पण गुळगुळीत म्हणजे बरोबर नव्हे. जुनं यंत्र अडलं की अडखळायचं. नवं यंत्र अडलं तरी सफाईदार वाक्यच देतं, आणि आपण मान डोलावतो.

मराठी गुगल ट्रान्सलेटमध्ये आली २०१३ साली, आणि न्यूरल पद्धत मराठीला मिळाली २०१७ साली. (कोकणीला मात्र २०२२पर्यंत ताटकळावं लागलं.) यंत्र शिकतं ते दोन भाषांतल्या जोडवाक्यांवरून. इंग्रजी-जपानी जोड्या ढिगाने आहेत, इंग्रजी-मराठी बऱ्यापैकी आहेत, मराठी-जपानी अगदीच तुटपुंज्या. म्हणून मराठीतून जपानीत जाताना यंत्र बहुतेक वेळा इंग्रजीचाच आधार घेतं. मधे विमान बदलावं लागलं की सामान हरवायची भीती असते, तसंच इथेही: जे इंग्रजीत मावत नाही ते वाटेतच राहतं.

गंमत म्हणजे मराठी आणि जपानी वाक्याची ठेवण एकमेकींच्या बरीच जवळची आहे. क्रियापद दोन्हीकडे शेवटी. 'तोक्यो नि इकिमासु' म्हणजे शब्दाला शब्द लावून 'तोक्योला जातो'. 'नि' हा आपल्या 'ला'सारखा नामाच्या मागे येतो आणि कर्ता दोघीही खुशाल गाळतात. म्हणजे सरळ रस्ता असताना यंत्र वाक्य एकदा इंग्रजीसाठी उलटं करतं आणि मग जपानीसाठी पुन्हा सुलटं.

या वळशात काय हरवतं? 'परवाचं बुकिंग रद्द करायचंय' हे वाक्य घ्या. मराठीतला 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही. आपण संदर्भाने ओळखतो. इंग्रजीत आणि जपानीतही दोन्हींना वेगळे शब्द आहेत, त्यामुळे यंत्राला कुठला तरी एक निवडावाच लागतो. 'परवा गेलो होतो' म्हटलं तर क्रियापदावरून उलगडा होतो. 'परवाचं बुकिंग' एवढ्यावरून होत नाही. उपाय अगदी साधा आहे: परवा, तेरवा, पुढचा शनिवार असलं काही न म्हणता तारीख आकड्यांत लिहायची. वेळेचंही तेच. पावणेचार, सव्वापाच, साडेसात हे आपल्या तोंडात बसलेलं, पण टाइप करताना १५:४५ लिहावं. जपानी वेळापत्रकं चोवीस ताशीच असतात, समोरच्यालाही सोपं. रकमेचा प्रश्न आला तर कॅल्क्युलेटर उघडून आकडा दाखवावा. जपानी लोक मोठे आकडे दहा हजारांच्या गठ्ठ्याने मोजतात. त्या गठ्ठ्याला ते 'मान' म्हणतात आणि दहा मान म्हणजे आपला एक लाख. इंग्रजीचा मिलियन दोघांनाही परका आहे.

मग मोबाइलशी मराठीत बोलावं की इंग्रजीत? साधं, बरोबर इंग्रजी लिहिता येत असेल तर इंग्रजीत. एक टप्पा वाचतो. पण मोडक्यातोडक्या इंग्रजीपेक्षा चांगलं मराठी कधीही बरं. यंत्र बहुतांशी नीट लिहिलेल्या वाक्यांवरून शिकलेलं असतं, त्यामुळे मोडकं वाक्य त्याला सहज फसवतं. मराठीत बोलायचं तर छापील मराठी बोलावं. 'ते जरा बघा ना, काल ते म्हणाले होते तसं होतंय का' हे वाक्य शेजारच्या माणसालाही समजावून सांगावं लागतं. कर्ता, कर्म, क्रियापद, पूर्णविराम. एका वाक्यात एकच मागणी. 'आम्ही चार जण आहोत. आम्हाला दोन खोल्या हव्या आहेत.' असं बोलताना शाळेतल्या उताऱ्यासारखं वाटेल, वाटू द्या.

बोलून भाषांतर करताना काम तीन टप्प्यांत होतं. आधी आवाजाचं लिखाण होतं, मग लिखाणाचं भाषांतर आणि शेवटी भाषांतराचा आवाज. पहिल्या टप्प्यात 'सात'चं 'साठ' झालं तर पुढचे दोन टप्पे त्या साठचंच इमानेइतबारे भाषांतर करतात. म्हणून बोलून झाल्यावर बटण दाबायच्या आधी, आपलं वाक्य पडद्यावर मराठीत नीट उमटलंय का ते वाचायचं. एवढी एक सवय लावली तर बहुतेक घोटाळे जागीच थांबतात. विशेषनामांवर खास लक्ष ठेवा. गावांची आणि माणसांची नावं यंत्राला शब्द वाटतात आणि ते त्यांचाही अर्थ लावू पाहतं.

कानात इयरफोन घातले की समोरच्याचं बोलणं लगेच आपल्या भाषेत ऐकू येतं, अशा जाहिराती दिसतात. ते होतं, पण जपानीत 'लगेच' होणं अवघड आहे, आणि त्याचं कारण तंत्रज्ञानापेक्षा व्याकरणात जास्त आहे. 'खातो' की 'खात नाही' हे जपानी वाक्याच्या अगदी शेपटाला कळतं: 'ताबेमासु' आणि 'ताबेमासेन'. शेपूट येईपर्यंत यंत्राला थांबावंच लागतं, नाहीतर त्याने अंदाज ठोकायचा. मराठी माणसाला हे लगेच पटावं. आपलाही 'नाही' शेवटीच येतो.

याच्याही पलीकडे एक गोष्ट आहे, ती कुठलंच ॲप सांगणार नाही. जपानी माणूस तोंडावर नकार देणं टाळतो. एखादी विनंती केल्यावर तो 'चोत्तो...' म्हणून वाक्य अर्धवट सोडतो आणि थोडी मान तिरकी करतो. पडद्यावर येतं 'थोडं'. आपण वाट बघत उभे. खरा अर्थ 'जमणार नाही' असा असतो. 'दाइजोबु देसु' म्हणजे 'ठीक आहे'. पण दुकानात पिशवी हवी का या प्रश्नावर तेच उत्तर बहुधा 'नको' असतं. 'हाइ' म्हणजे हो, पण आपण बोलत असताना समोरचा मधेमधे 'हाइ, हाइ' म्हणतो तेव्हा तो फक्त 'ऐकतोय' एवढंच सांगत असतो; त्याला होकार समजून पुढचं नियोजन करू नये. अशा वेळी पडद्यापेक्षा चेहरा पाहावा.

आता जेवण. मराठी पर्यटकाच्या जपान सहलीतली खरी परीक्षा इथेच असते, विशेषतः घरात कोणी शाकाहारी असेल तर.

मेन्यूवर कॅमेरा धरला की अक्षरं जागच्या जागी बदलतात. ही करामत आधी वर्ड लेन्स नावाच्या ॲपने २०१० साली करून दाखवली. गुगलने २०१४मध्ये ती कंपनी घेतली आणि पुढच्या वर्षी ती सोय आपल्या ॲपमध्ये आणली. छापील मेन्यू, लिफ्टमधली सूचना, वॉशिंग मशीनची बटणं, एसीचा रिमोट, रामेनच्या दुकानाबाहेरचं कूपन देणारं यंत्र, या सगळ्यांवर कॅमेरा उत्तम चालतो. हाताने लिहिलेली फळी, फराटेदार कुंचल्याची अक्षरं, वरून खाली लिहिलेला मजकूर आला की तो गडबडतो. तेव्हा हलत्या चित्रापेक्षा स्थिर फोटो काढून तो वाचायला द्यावा; निकाल बराच सुधारतो.

पण अक्षरं बरोबर वाचली तरी पदार्थ कळतोच असं नाही. 'ओयाकोदोन' या भाताच्या पदार्थाच्या नावाचा शब्दशः अर्थ पालक आणि मूल. मराठीत असं भाषांतर उमटलं तर आपला शाकाहारी माणूस 'पालक' वाचून खूश होईल. पदार्थ आहे कोंबडी आणि अंड्याचा. आई-बाप म्हणजे कोंबडी, मूल म्हणजे अंडं. उलट 'कित्सुने उदोन' म्हणजे कोल्हा नूडल्स, त्यात कोल्हा नसतो, तळलेला तोफू असतो. तोही शाकाहारी म्हणून मागवाल तर फसाल, कारण त्याखालचं पाणी साधारणपणे 'दाशी'चं असतं. दाशी म्हणजे बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचा आणि समुद्री शेवाळाचा अर्क. तो मिसो सूपमध्ये असतो, नूडल्समध्ये असतो, उकडलेल्या भाजीतसुद्धा असतो, आणि मेन्यूवर लिहिलेला नसतो. ॲप लिहिलेल्याचं भाषांतर करतं. न लिहिलेल्याचं कुठून करणार?

पाकीटबंद वस्तूंवर अंडं, दूध, गहू, सोबा (कुट्टू), शेंगदाणा, कोळंबी, खेकडा यांसारख्या ॲलर्जीच्या घटकांचा उल्लेख कायद्याने सक्तीचा आहे, त्यामुळे तिथे कॅमेरा उपयोगी पडतो. पण मासा त्या सक्तीच्या यादीत नाही. ॲलर्जीचा रकाना कोरा दिसला म्हणून पाकीट शाकाहारी ठरत नाही. घटकांची अख्खी यादी वाचायला लागते.

आता एआयच्या गप्पा मारणाऱ्या ॲपला मेन्यूचा फोटो दाखवून 'यात मासे आहेत का?' असंही विचारता येतं. या पदार्थात साधारण काय काय घालतात हे समजून घ्यायला ती सोय छान आहे, नुसत्या भाषांतरापेक्षा कितीतरी छान. पण त्या दुकानाच्या स्वयंपाकघरात आज काय शिजलंय हे तिला ठाऊक नसतं आणि तरी उत्तर मात्र ठाम येतं. शेवटचा प्रश्न आचाऱ्यालाच विचारायचा.

तो कसा विचारायचा? 'मी शाकाहारी आहे' हे वाक्य भाषांतर करून दाखवू नका. जपानमध्ये त्याचा अर्थ माणसागणिक बदलतो, आणि 'मांस नको' म्हटलं तरी 'निकु' म्हणजे गाय-डुक्कर असा अर्थ घेऊन ताटात कोंबडी किंवा हॅमचे तुकडे येऊ शकतात. नावं घेऊन सांगावं: मांस, कोंबडी, हॅम, मासे, कोळंबी, माशाची दाशी, अंडं; यातलं मी काहीच खात नाही, दूध चालतं. जैन असाल तर कांदा-लसूण वेगळा लिहा. हे घरून निघण्याआधीच करायचं काम आहे. जपानी शिकलेलं कोणीतरी ओळखीत निघतंच, पुण्यात तर नक्कीच. त्यांच्याकडून वाक्यं तपासून घ्या, मोठ्या अक्षरात छापा आणि घरातल्या प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड द्या. बॅटरी न लागणारं हे भाषांतर आहे. आणि एखादं जेवण निर्धास्त करायचं असेल तर कोयासानसारख्या मठाच्या गावी शोजिन र्योरी मिळते, भिक्षूंचं परंपरागत जेवण. त्यात मांस-मासे नसतात आणि परंपरेने कांदा-लसूणही नसतो. त्याच कोयासानच्या विद्यापीठात २०१५पासून बाबासाहेबांचा पुतळा आहे, त्यामुळे महाराष्ट्रातून तिकडे जाण्याचं ते आणखी एक कारण.

पत्त्यांचं थोडक्यात सांगतो. हॉटेलचा पत्ता कधीही भाषांतरित करू नका. जपानी अक्षरांतला मूळ पत्ता फोटो म्हणून जपून ठेवा आणि टॅक्सीवाल्याला तोच दाखवा. जपानी चित्राक्षरांचे उच्चार ठिकाणानुसार बदलतात. तीच अक्षरं तोक्योत 'निहोनबाशी' वाचतात आणि ओसाकात 'निप्पोनबाशी'. तोक्योच्या मेट्रोत तर वाचायचीही गरज नाही, प्रत्येक स्थानकाला क्रमांक आहे. गिन्झा मार्गावर शिबुया १ आणि आसाकुसा १९. आजीलाही आकडे कळतात.

दुखणंखुपणं हा मात्र निवांत बसून विचार करण्याचा भाग आहे, कारण आपली दुखणी आपण फार मराठीत सांगतो. 'मला शुगर आहे.' 'पित्त झालंय.' 'हाताला मुंग्या येतायत.' 'घाबरल्यासारखं होतंय.' 'पोटात कळ येते.' यंत्र साखर, पित्तरस, मुंग्या आणि भीती यांवर अडून बसू शकतं. यातलं शेवटून दुसरं तर धोक्याचं आहे. छातीत धडधडून अस्वस्थ वाटणाऱ्या माणसाला आपण 'घाबरल्यासारखं' म्हणतो आणि तिकडे डॉक्टरला कळेल की बाई कशाला तरी घाबरल्या आहेत. म्हणून उपमा सोडून सांगावं: मला मधुमेह आहे. छातीत धडधडतं. श्वास लागतो. डाव्या हाताला बधिरपणा आहे. कधीपासून ते तारीख-वेळेसह. औषधाचं ब्रँडचं नाव तिकडे ओळखीचं नसतं. मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन अशी मूळ औषधांची नावं इंग्रजी अक्षरांत कार्डावर असावीत, सोबत ॲलर्जी आणि झालेल्या शस्त्रक्रिया.

यंत्राची अचूकता भाषेप्रमाणे किती बदलते, याचा एक अभ्यास अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झाला. आपत्कालीन विभागातून घरी जाणाऱ्या रुग्णांना देतात त्या इंग्रजी सूचना गुगलकडून भाषांतरित करून घेतल्या आणि त्या त्या भाषेच्या लोकांकडून तपासल्या. स्पॅनिशमध्ये ९४ टक्के वेळा अर्थ शाबूत राहिला, चिनीत सुमारे ८२ टक्के, फारसीत ६७.५ आणि आर्मेनियनमध्ये अवघा ५५. मराठी त्यात नव्हती. पण ज्या भाषेचा मजकूर इंटरनेटवर कमी, तिथे यंत्र जास्त घसरतं, ही दिशा स्पष्ट आहे. गोळ्या किती आणि कधी घ्यायच्या, हे फक्त ॲपवर ऐकून ठरवू नये. जपानमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११० हा क्रमांक आहे. ११९ला फोन लावल्यावर बऱ्याच ठिकाणी दुभाष्याला ओळीवर घेतात. जपानच्या पर्यटन संस्थेची चोवीस तासांची मदतवाहिनीही आहे, ती इंग्रजी, चिनी आणि कोरियनमध्ये बोलते. म्हणजे अशा प्रसंगी घरातल्या इंग्रजीवाल्याला पुढे करावं. मराठीतून मोबाइलला सांगत बसू नये.

हातातली भाषांतर यंत्रं घ्यावीत का? पॉकेटॉकसारखं यंत्र जपानी कंपनीचंच आहे. त्याच्या आतच सिम असतं, बटण एक, आवाज मोठा, आणि स्वतःचा मोबाइल परक्याच्या हातात द्यावा लागत नाही. ज्येष्ठांना ते मोबाइलपेक्षा सोपं जातं, हे खरं. पण भाषांतर इंटरनेटवरूनच येतं, तेव्हा मोबाइलपेक्षा फार वेगळं काही मिळेल अशी अपेक्षा नको. दहा-बारा दिवसांच्या सहलीसाठी विकत घेणं मला उधळपट्टी वाटते. परदेशात नातवंडं सांभाळायला सहा महिने जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी विचार करण्यासारखं आहे. घ्याल तर यादीत मराठी आहे एवढं पाहून थांबू नका. मराठी बोललेलं त्याला कळतं का आणि मराठी बोलता येतं का, की नुसतं लिहून दाखवतं, ते तपासा. व्हॉइसट्रा हे जपानच्या सरकारी संशोधन संस्थेचं ॲप मोफत आहे आणि प्रवासातल्या वाक्यांवर बेतलेलं आहे. इंग्रजीतून जपानीत जाणाऱ्यांनी ते जरूर वापरून पाहावं. कोरियात हेच काम नेव्हर कंपनीचं पापागो ॲप चांगलं करतं.

काही ठिकाणी यंत्र जपानी लोकांनीच मांडून ठेवलेलं असतं. तोक्योच्या सेइबू-शिन्जुकू स्थानकात २०२३ साली तिकीट खिडकीवर पारदर्शक पडदा लावून पाहिला. बोलणं त्यावर दोन्ही भाषांत उमटतं आणि दोघं एकमेकांचा चेहरा बघत बोलतात. मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं ते पॅनासोनिकचं 'मेगाहोनयाकू', भाषांतर करणारा कर्णा. 'होनयाकू' म्हणजे भाषांतर. नारिता विमानतळावर त्याची चाचणी झाली. गर्दीला सूचना द्यायची असल्याने त्यात आयत्या वेळचं भाषांतर ठेवलं नाही. आधीच तपासलेली सुमारे ३०० वाक्यं भरली, आणि बोललेल्याच्या जवळचं वाक्य ते चार भाषांत उच्चारायचं. खिशातलं कार्डही याच तत्त्वावर चालतं: जिथे चूक परवडत नाही, तिथलं वाक्य आधी तपासून ठेवायचं.

रीतीभातीचंही भान हवं. कोणासमोर एकदम मोबाइल नाचवू नये. आधी 'सुमिमासेन' म्हणावं, म्हणजे 'माफ करा, जरा ऐकता का', मग पडदा त्यांच्याकडे वळवून वाचू द्यावं. जपानी ट्रेनमध्ये फोनवर बोलणंच शिष्टसंमत नाही, तेव्हा मोठ्या आवाजात भाषांतर वाजवणं तर नकोच. इमिग्रेशनच्या खिडकीवर भाषांतरासाठी मोबाइल पुढे करू नये. तिथे हॉटेलचं आरक्षण आणि परतीचं तिकीट छापील द्यावं. पासपोर्टचे, बँकेच्या कागदांचे फोटो भाषांतरासाठी ॲपमध्ये टाकू नयेत, तो मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर जातो.

आणि इंटरनेट. तळघरातलं उपाहारगृह, डोंगरातला मठ, संपलेला डेटा, यांपैकी काहीतरी वाट्याला येणारच. सहलीत चीन असेल तर गुगल तिथे चालत नाही. भारतीय सिमचं रोमिंग असेल तर वाट निघते, हॉटेलच्या वायफायवर नाही. यासाठी गुगल ट्रान्सलेटमध्ये मराठी, इंग्रजी आणि जपानी अशा तिन्ही भाषा आधीच उतरवून ठेवता येतात. इंटरनेटशिवाय भाषांतर थोडं कमअस्सल होतं, पण नसण्यापेक्षा खूप बरं. बऱ्याच जणांची खात्री असते की आपण भाषा उतरवल्या आहेत, आणि उतरवलेली असते एकच. म्हणून बॅग भरायच्या दिवशी मोबाइल विमान मोडवर टाकून घरातल्या एखाद्या जपानी पाकिटावर कॅमेरा धरा, चार वाक्यं टाइप करून पाहा. ॲपने डाउनलोड मागितलं तर घरच्या वायफायवर तेव्हाच करून टाका, आणि आई-बाबांचा मोबाइलही त्याच बैठकीत तपासा.